मुलांच्या हाडांचा निर्जंतुक दाह

वाढत्या वयातील मुलाने पाय दुखतो म्हटले, की घरी ‘वाढीचे दुखणे’ म्हणून त्याची समजूत घातली जाते आणि शाळेत कवायत टाळण्याचा बहाणा म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते. बहुधा ते दुखणे निरुपद्रवीच असते. परंतु क्वचित त्यामागे एक दुर्मीळ अस्थिविकार दडलेला असतो.

१९७२ साली गिडिऑन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचे प्रथम वर्णन केले. यात हाडाला सूज येते; पण तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि प्रतिजैविकांनीही गुण येत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच येथे विनाकारण प्रक्षुब्ध झालेली असते. हा विकार साधारणतः सात ते बारा वर्षांच्या मुलांत, त्यातही मुलींत अधिक आढळतो. नडगी, मांडीचे हाड, मानेखालचे आडवे हाड, कंबर, मणके व जबडा ही त्याची नेहमीची ठिकाणे होत.

तो ओळखावा कसा? वाढीचे दुखणे बहुधा दोन्ही पायांत, सायंकाळी वा रात्री होते आणि सकाळी मूल पूर्ववत खेळू लागते. याउलट एकाच जागी टिकून राहणारी वेदना, दाबल्यास दुखणे, सूज, लंगडणे आणि आठवडे लोटूनही उतार न पडणे, ही धोक्याची चिन्हे समजावीत. ताप नसला म्हणून निर्धास्त राहू नये. काही मुलांना तळहात-तळपायांवर पुरळ अथवा सोरायसिसही असतो.

निदान एका चाचणीने होत नाही. रक्ततपासणी जवळजवळ निर्दोष येऊ शकते. आरंभीचे क्ष-किरण चित्रही फसवे असते. सर्वांगाच्या एमआरआय तपासणीत न दुखणारी रोगस्थानेही दिसून येतात. जंतुसंसर्ग, क्षय, रक्ताचा वा हाडाचा कर्करोग यांची शक्यता आधी दूर करावी लागते. त्यासाठी पुष्कळदा हाडाचा तुकडा तपासणे अपरिहार्य ठरते.

उपचारात प्रथम नेप्रोक्सेनसारखी दाहशामक औषधे देतात. ती अपुरी पडल्यास बिस्फॉस्फोनेट किंवा संरक्षक यंत्रणेला आवर घालणारी औषधे योजतात. विलंब झाल्यास मणका खचू शकतो, तोही कधी फारशी वेदना न होता. म्हणून लंगडणाऱ्या मुलाला रागे भरण्यापूर्वी शिक्षकांनी पालकांना बोलवावे आणि पालकांनी वैद्यांचे दार ठोठवावे. मुलाच्या तक्रारीवर विश्वास ठेवणे, हीच या रोगाच्या निदानाची पहिली पायरी होय.