बंदरांतील वादळ-सज्जता

चक्रीवादळ व त्याबरोबर किनाऱ्यावर चढणारे समुद्राचे पाणी यांपासून बंदरातील माणसे, जहाजे, माल आणि बांधकामे यांचे रक्षण करण्यासाठी योजलेली व्यवस्था. ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने हुगळी नदीवरील कलकत्ता बंदरातील जहाजांची दाणादाण उडविली. पाण्याच्या लोंढ्यात व त्यानंतर सु. ६०,००० माणसे दगावली. १८६५ मध्ये त्या बंदरासाठी वादळसूचनेची सोय करण्यात आली. पुढे हे काम भारतीय हवामानखात्याकडे (स्थापना १८७५) आले.

बंदरातील उंच खांबावर दिवसा शंकू व नळकांडी यांच्या आकृत्या टांगून आणि रात्री लाल व पांढरे दिवे लावून सूचना देतात. कोकणात यालाच ‘बावटा लागणे’ म्हणतात. क्रमांक १ व २ दूर समुद्रातील वादळाचे, ३ व ४ बंदराला सावध करणारे, ५ ते ७ धोक्याचे आणि ८ ते १० महाधोक्याचे असतात. क्रमांक ५ व ८ लावल्यास बंदर वादळाच्या मार्गाच्या डावीकडे, ६ व ९ लावल्यास उजवीकडे राहणार, तर ७ व १० लावल्यास वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार, असे समजतात. उत्तर गोलार्धात उजवी बाजू अधिक घातक, कारण तेथे वाऱ्याचा वेग व वादळाची स्वतःची गती यांची बेरीज होते. क्रमांक ११ चा अर्थ, सूचनाकेंद्राशी संपर्क तुटला आहे व हवा बिघडण्याचा धोका आहे.

महाधोक्याच्या वेळी मोठ्या जहाजांना बंदर सोडून खोल समुद्रात जाण्यास सांगतात. हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु धक्क्याला बांधलेले जहाज लाटांनी धक्क्यावरच आदळते, मोकळ्या समुद्रात त्याला हालचालीस वाव मिळतो. लहान नौकांचे मात्र उलट असते. डिसेंबर २०१७ च्या ‘ओखी’ वादळात केरळ व तमिळनाडूकडील अनेक मासेमारी नौकांनी देवगड बंदराचा आसरा घेतला होता. धक्क्यावरील याऱ्या जखडून ठेवतात, पेट्यांच्या उंच थप्प्या कमी करतात. वादळानंतर मार्गाची खोली पुन्हा मोजल्याखेरीज वाहतूक सुरू करीत नाहीत, कारण गाळ, बुडालेल्या नौका व जागचे हललेले बोये यांमुळे जुना नकाशा विश्वसनीय राहत नाही.

या व्यवस्थेची खरी उणीव कच्छच्या आखातातील कांडला (२०१७ पासून दीनदयाळ) बंदरात दिसून आली. ९ जून १९९८ रोजी पोरबंदरजवळ किनारा ओलांडून आलेल्या वादळाने तेथील सखल भागात समुद्राचे पाणी शिरले. गुजरातमध्ये हजारावर माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बंदरालगतच्या मिठागरांत काम करणारे व तेथेच झोपड्यांत राहणारे स्थलांतरित मजूर पुष्कळ होते. बावटा मुख्यतः नाविकांसाठी असतो. त्याचा अर्थ मिठागरातील कुटुंबाला ठाऊक असेलच असे नाही, आणि ठाऊक असला तरी सपाट खारजमिनीवर चढून बसण्यास उंचवटा नसतो. म्हणून बंदराच्या योजनेत कुंपणाबाहेरील वस्त्या, त्यांना हलविण्यासाठी लागणारी वाहने व भक्कम निवारे यांचाही समावेश करावा लागतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्ह्याची अशी योजना करण्याचे काम जिल्हा प्राधिकरणाकडे आहे. बंदराच्या योजनेचा तिच्याशी मेळ घालावा लागतो.