माहिती चौकट : दगडी वाडा
‘दगडी वाडा’ म्हटले, तरी मराठवाड्यातल्या शेतकरी वाड्याचा भार पुष्कळदा लाकूडच पेलते. या पट्ट्यातला दगड म्हणजे काळा बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. भिंतीची जुडाई चिखलाची. वर माळवद : तुळया, फळ्या, पांढऱ्या मातीचा जाड थर. पाऊस वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास, म्हणून सपाट छप्पर निभावते. भार लाकूड पेलते याचा पुरावा 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाचा : चिखलातल्या दगडी भिंती कोसळल्या, खणांच्या लाकडी सांगाड्यावरची माळवदे अनेक ठिकाणी तगली. मग भिंती एवढ्या जाड कशाला? ऊन अडवायला, शिवाय पोटात धान्याचे बळद ठेवायला. बुरूज असतील तर ती गढी, वाडा वेगळा.