धापा टाकणारी मारामारी

पोटासाठी मी सिनेमांचं संकलन करतो. मारामारीचा सीन टेबलावर आला की आमचं पहिलं काम ठरलेलं असतं : ठोसा नीट बसला नसेल तिथे कट मारायचा आणि वर दणदणीत आवाज भरायचा. त्यामुळे पार्क चान-वूकच्या कोरियन 'ओल्डबॉय'मधली (२००३) बोळातली मारामारी पाहताना माझे हात शिवशिवतात. कापायला जागाच नाही. हातोडी घेतलेला एकटा चोई मिन-सिक, समोर दांडकी घेतलेला घोळका, आणि बाजूने संथ सरकणारा कॅमेरा. तीन दिवसांत सतरा टेक झाले. मधेच सगळे थांबतात, धापा टाकतात, कण्हत पुन्हा उठतात. (पाठीतला सुरा तेवढा संगणकाने रोवलाय.)

कोरियन गँगस्टरपट रक्तामुळे खरे वाटतात, हे मला पटत नाही. रक्त काय, कुठलाही मेकअपवाला बादलीभर देईल. माणसं दमतात, म्हणून ते खरे वाटतात.

शिवाय दक्षिण कोरियात सामान्य माणसाला बंदूक मिळणं महाकठीण. शिकारीची बंदूकसुद्धा पोलिसांकडे ठेवावी लागते. म्हणून पडद्यावरच्या गुंडांच्या हातात बहुतेकदा मासे कापायचा सुरा, नाहीतर बेसबॉलची बॅट. गोळी रस्त्यापलीकडून झाडता येते. सुरा घेऊन अंगाला अंग भिडवावं लागतं. 'न्यू वर्ल्ड'मधल्या (२०१३) लिफ्टमध्ये वार करायला हात मागे घ्यायचीही सोय नाही.

माझा सगळ्यात लाडका मात्र यू हाचा 'अ डर्टी कार्निव्हल' (२००६). त्यातला ब्युंग-दू हा टोळीतला मधल्या फळीतला पोरगा. आई आजारी, भावंडं लहान, राहतं घर सुटण्याची धास्ती. पुलाखाली चिखलात दोन टोळ्या भिडतात तेव्हा पोरं घसरतात, आपटतात, कोण कुणाचा ते कळत नाही. एकाचीही फाइट 'बसवलेली' वाटत नाही, आणि ती तशी वाटू नये म्हणून किती तालमी लागतात, ते फाइट मास्टरला विचारा! पुढे ब्युंग-दू आपल्या शाळासोबत्याला, एका धडपड्या दिग्दर्शकाला, विश्वासाने एका खुनाची हकीकत सांगतो. मित्र ती सरळ आपल्या गँगस्टरपटात वापरतो, आणि तिथून ब्युंग-दूच्या जिवावर बेततं. अस्सलपणाच्या हव्यासाची इतकी निर्दय झडती दुसऱ्या कुठल्या गँगस्टरपटाने घेतलेली मी पाहिली नाही.

आपल्या निशिकांत कामतने 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर'वरून (२०१०) 'रॉकी हँडसम' (२०१६) केला, त्यात खलनायकही रंगवला. सुरे आले, चपळाई आली. जॉन अब्राहम दमलेला मात्र दिसला नाही. कोरियन वळणाची हिंसा कामतने त्याआधीच 'डोंबिवली फास्ट'मध्ये (२००५) दाखवली होती. त्यातला माधव आपटे बॅट उचलतो, तेव्हा मारामारी ही काही त्याची सवय नाही, हे संदीप कुलकर्णीच्या खांद्यांवरूनच कळतं.