पणतीभोवतीचा काळोख

दिवाळीत काढलेले दिव्यांचे बहुतेक फोटो जास्तीच्या उजेडाने बिघडतात. कॅमेऱ्याचं प्रकाशमापन चौकटीतल्या उजेड-अंधाराची सरासरी काढून ती मध्यम करड्या छटेपाशी आणू पाहतं. काळोखं अंगण आणि त्यात चार पणत्या असं दृश्य समोर आलं, की कॅमेरा अंगणच उजळायला निघतो; मग ज्योतींचे पांढरे डाग होतात आणि रांगोळी फिकी पडते. म्हणून दिव्याचा फोटो काढताना पहिला निर्णय अंधाराचा असतो: तो किती ठेवायचा आणि कोणत्या रंगाचा ठेवायचा. फोनवर ज्योतीवर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढावी, कॅमेऱ्यात एक्स्पोजर एक-दोन स्टॉप उणे करावं. काळोखात दडलेला तपशील नंतर संगणकावर, थोडे दाणे पत्करून, वर आणता येतो. जळून पांढरी झालेली ज्योत मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही, कारण तिथे तपशिलाची नोंदच झालेली नसते.

यावर आजचा पहिला आक्षेप असा, की हे सगळं फोन आपोआप करतो. गुगलने 2018 मध्ये पिक्सेल फोनसाठी नाइट साइट आणलं, आणि रात्रीचा मोड आता साध्या फोनमध्येही असतो. एकामागून एक अनेक फ्रेम घेऊन त्या जुळवायच्या, ही त्यामागची युक्ती खरोखर हुशारीची आहे. अंधाऱ्या गल्लीत ती कामालाही येते. पण तिचा सगळा रोख काळोख भरून काढण्याकडे असतो, आणि पणतीचं रूप तर त्या काळोखावरच उठून दिसतं. शिवाय ज्योतीच्या उजेडाचं रंगतापमान साधारण 1,900 केल्विन असतं, दुपारच्या उन्हाचं 5,500 च्या आसपास. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स ज्योतीची ही पिवळाई दोष समजून पुसू पाहतो. तो बंद करून 3,000 ते 3,500 च्या दरम्यान स्थिर ठेवला, तर भिंतीवरचा तांबूस उजेड टिकतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. डोळ्यांना ज्योतही दिसते आणि मागची ओसरीही दिसते. मग फोटोत दोन्ही का नसावं? पण डोळा हे सगळं एका दमात पाहत नाही. नजर ज्योतीवर असते तेव्हा ओसरी विझू लागते, नजर ओसरीकडे वळली की बुबुळ सावरून घेतं. फोटोला असं सावरणं नाही, म्हणून कशाला महत्त्व द्यायचं ते काढणाऱ्यानेच ठरवायचं. स्टॅन्ली कुब्रिकने ‘बॅरी लिंडन’मधले (1975) मेणबत्त्यांचे प्रसंग एफ 0.7 इतक्या मोठ्या छिद्राच्या झाइस लेन्सवर चित्रित केले. ही लेन्स मुळात नासासाठी घडवलेली होती. एवढा उजेड ओढणारी काच हाती असूनही त्या दालनांचे कोपरे अंधारातच आहेत, आणि चेहऱ्यांवरचा मऊपणा त्या अंधारामुळेच जाणवतो.

आता अंधाराचा रंग. सूर्यास्तापासून सूर्य क्षितिजाखाली 6 अंश उतरेपर्यंत आपल्याकडे साधारण 20 ते 25 मिनिटं जातात. दिवेलागणीच्या या वेळी, विशेषतः तिच्या शेवटच्या काही मिनिटांत, आभाळ गडद निळं होतं आणि त्याचा उजेड कंदिलाच्या उजेडाशी बरोबरी करतो. एकाच एक्स्पोजरमध्ये कंदिलाच्या कागदाची नक्षी आणि घराची कौलं दोन्ही मावतात. निळ्यावर पिवळा खुलतो तो वेगळाच. लक्ष्मीपूजनाला अमावास्या असल्याने त्यानंतर आभाळाकडून काहीच मिळत नाही. पण त्याच वेळी घरोघरी पूजेची गडबड असते, दारात तिकाटणं मांडून उभं राहणार कोण? ही अडचण खरी आहे, आणि तिचं उत्तर पहाटेत आहे. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाच्या सुमारास हाच निळा उजेड पुन्हा मिळतो. कोल्हापूरला पंचगंगा घाटावरचा त्रिपुरी पौर्णिमेचा दीपोत्सव तर पहाटेच असतो. तिथे घाटाच्या पायऱ्यांसाठी आयएसओ 100, एफ 8 आणि दोन-चार सेकंदांचं शटर ही चांगली सुरुवात. मात्र उजेड मिनिटागणिक वाढत असल्याने शटरचा वेळ कमी करत राहावं लागतं. पाण्यावर सोडलेले दिवे एवढ्या वेळात रेषा ओढतात. ते ठिपक्यांसारखे हवे असतील, तर आयएसओ वाढवून शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत आणावं.

विजेच्या माळांचं गणित निराळं आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी माळा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. फार जलद शटरने फोटोत पट्टे उमटतात. 1/50 किंवा 1/100 ठेवलं की ते बहुधा जातात. निळ्या माळा विशेष फसव्या असतात, कारण बाकी चित्र अंधारं दिसत असतानाच निळा रंग भरून वाहतो, आणि हे रंगीत हिस्टोग्राम पाहिल्याशिवाय कळत नाही.

उजेडाने चित्र काढण्याचा खेळ जुना आहे. 1949 मध्ये ‘लाइफ’ मासिकासाठी जॉन मिली याने अंधाऱ्या खोलीत शटर उघडं ठेवलं आणि पिकासोने छोट्या विजेच्या दिव्याने हवेत चित्रं रेखाटली. फुलबाजीने तेच करता येतं. आयएसओ 100, एफ 11 आणि पाचेक सेकंदांचं शटर लावावं. मागे एकही दिवा नको, नाहीतर रेषा त्यात बुडतात. कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहिलेली अक्षरं उलटी उमटतात, ती नंतर फिरवून घ्यावीत. लिहिणाऱ्याचा चेहराही हवा असेल, तर शटर मिटण्याच्या क्षणी उडणारा मंद फ्लॅश लावावा, आणि तोवर त्याने जागचं हलू नये. मूल लहान असेल, तर अक्षरांऐवजी एक वर्तुळ पुरे, आणि हातभर अंतरावर मोठं माणूस हवंच.