हॅलेचा धूमकेतू आणि ‘७६ वर्षे’

सूर्याभोवतीची प्रदक्षिणा २०० वर्षांच्या आत पूर्ण करणाऱ्या धूमकेतूंना अल्पकालीन धूमकेतू असे संबोधले जाते. हॅलेचा धूमकेतू हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. ‘तो दर ७६ वर्षांनी येतो’ असे आपण वर्गात सहज सांगतो. परंतु हे विधान केवळ स्थूलमानाने खरे आहे. १३ मार्च १७५९, १६ नोव्हेंबर १८३५, २० एप्रिल १९१० व ९ फेब्रुवारी १९८६ रोजी तो सूर्याच्या सर्वाधिक जवळ, म्हणजे उपसूर्य बिंदूपाशी होता. ही अंतरे अनुक्रमे सुमारे ७६.७, ७४.४ व ७५.८ वर्षे भरतात.

त्याची लांबट कक्षा शुक्राच्या कक्षेच्या आत शिरते आणि नेपच्यूनहूनही दूर जाते. वाटेत ग्रहांचे, प्रामुख्याने गुरूचे, गुरुत्वाकर्षण त्याची गती किंचित वाढविते वा घटविते. शिवाय सूर्याजवळ तापलेल्या केंद्रकातून उसळणारे वायूही त्यास रेटा देतात. साहजिकच प्रत्येक फेरीचे गणित नव्याने मांडावे लागते.

दर्शनाचेही तसेच. १० एप्रिल १९८६ च्या सुमारास तो इतका दक्षिणेस होता, की लंडनमध्ये क्षितिजावर आलाच नाही. १७ उत्तर अक्षांशावरील जत येथे मात्र तो सुमारे २५ अंश उंचीपर्यंत येत होता. आता तो २८ जुलै २०६१ रोजी उपसूर्य बिंदूपाशी येईल. दिवस पावसाळ्याचे असले, तरी आपला तालुका पर्जन्यछायेत आहे! आजचे आपले विद्यार्थी तेव्हा पन्नाशी ओलांडलेले असतील. त्यांच्या वहीत ७६ या आकड्याऐवजी ही तारीख असावी.