फोटो भिंतीवर लावण्याआधी

सुट्टी जवळ आली की आपल्या ट्रंकेत कपड्यांबरोबर एक मोठा लिफाफाही जातो. त्यात हाउसचा ग्रुप फोटो असतो, कधी परेडचा, कधी क्रॉसकंट्रीचा. घरी दोन दिवस तो सगळ्यांना दाखवला जातो आणि मग कपाटावर जाऊन पडतो. पुढच्या सुट्टीत बघावे तर कोपरे दुमडलेले असतात. आपण वसतिगृहात राहणारी मुले. वर्षातले बहुतेक दिवस घरी आपण नसतो, आपला फोटो असतो. म्हणून तो कोणत्या मापाचा छापावा आणि कशा चौकटीत बसवावा, हे एकदा समजून घेणे बरे.

आधी प्रमाण, मग माप

स्टुडिओत गेल्यावर आपण लगेच माप सांगतो, “८ बाय १० काढा.” पण त्याआधी फोटोचे प्रमाण पाहावे लागते. मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो बहुधा ३ : २ या प्रमाणात असतो आणि मोबाइलचा ४ : ३ प्रमाणात. ४ बाय ६, ८ बाय १२ आणि १२ बाय १८ ही मापे ३ : २ ची आहेत. ६ बाय ८ हे ४ : ३ चे आहे. ८ बाय १० मात्र यापैकी कशातच बसत नाही. ते ५ : ४ आहे.

याचा परिणाम पाहा. कॅमेऱ्यातला ग्रुप फोटो ८ बाय १० कागद भरून छापला, तर लांबीचा सहावा भाग कापला जातो, म्हणजे प्रत्येक बाजूने बारावा भाग. समजा, एका ओळीत २४ कॅडेट आहेत आणि ओळ फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे. मग डावीकडचे दोन आणि उजवीकडचे दोन असे चार जण फोटोतून गेले! टोकाला उभे राहणारे बहुतेक वेळा हाउसमधले सर्वांत लहान असतात. वर्षभर ते आपल्यासोबत धावले आणि फोटोतून मात्र कात्रीने बाहेर गेले. हे टाळायचे तर ग्रुप फोटो ८ बाय १२ किंवा १२ बाय १८ मापातच छापावा. घरात ८ बाय १० ची चौकट आधीच असेल, तर “पूर्ण फोटो छापा, वरखाली पांढरी पट्टी राहू द्या” असे सांगावे. फोटो १० इंच लांब आणि पावणेसात इंचांहून थोडा कमी उंच येतो, पण एकही चेहरा कापला जात नाही.

किती मोठा छापावा?

यासाठी दोन हिशोब आहेत. पहिला पिक्सेलचा. हातात धरून बघायच्या फोटोला दर इंचाला ३०० पिक्सेल असले की तो स्वच्छ दिसतो. म्हणजे ४ बाय ६ साठी १२०० बाय १८०० आणि ८ बाय १२ साठी २४०० बाय ३६०० पिक्सेल हवेत. भिंतीवरचा मोठा फोटो आपण लांबून पाहतो, म्हणून त्याला दर इंचाला २०० चालतात. त्यामुळे ८ बाय १२ ची तीच फाइल १२ बाय १८ लाही पुरते. एक काळजी घ्यावी. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्याचे पिक्सेल कमी होतात. छापायचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाहीतर पेन ड्राइव्हमधून मूळ फाइलच द्यावी.

दुसरा हिशोब चेहऱ्याचा, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. ८ बाय १२ च्या फोटोत २४ जणांची ओळ असेल, तर एकाच्या वाट्याला अर्धा इंच जागा येते. चेहरा त्याहूनही लहान. आजीला चष्मा लावूनही नातू सापडणार नाही. १२ बाय १८ मध्ये तीच जागा पाऊण इंच होते. म्हणून ग्रुप फोटो मोठा छापावा. एकट्याचा फोटो ५ बाय ७ किंवा ६ बाय ८ असला तरी चेहरा ठसठशीत दिसतो, त्याला मोठा कागद लागत नाही. ४ बाय ६ ची जागा टेबलावर किंवा शोकेसमध्ये. भिंतीवर एकटा लावला तर तो पोस्टाच्या तिकिटासारखा दिसतो.

काच आणि माउंट

फोटो थेट काचेला टेकू देऊ नये. पावसाळ्यात आत ओल शिरली की कागद काचेला चिकटतो. मग तो सोडवताना वरचा थर निघून येतो, आणि बऱ्याचदा नेमका चेहऱ्यावरचाच. यावर उपाय म्हणजे माउंट. माउंट म्हणजे फोटोभोवती बसवलेला जाड पुठ्ठा, ज्याला मध्ये खिडकी कापलेली असते. त्याच्या जाडीमुळे काच आणि फोटो यांच्यात फट राहते. माउंटची खिडकी फोटोपेक्षा किंचित लहान कापतात, म्हणून फोटोच्या अगदी कडेला नावे छापली असतील तर ती झाकली जाणार नाहीत हे आधी बघावे. माउंट आम्लरहित पुठ्ठ्याचा मागावा. साधा पुठ्ठा काही वर्षांनी पिवळा पडतो आणि फोटोच्या कडाही पिवळ्या करतो. साध्या चिकटपट्टीचेही तसेच होते.

चौकटीचे माप काढणे सोपे आहे. ८ बाय १२ च्या फोटोला चारही बाजूंनी २ इंच माउंट दिला की चौकट १२ बाय १६ लागते. १२ बाय १८ ला ३ इंच दिला की १८ बाय २४. ही दोन्ही मापे तयार मिळतात. कागद मॅट घ्यावा. काचेची चमक आणि कागदाची चमक एकत्र आली की फोटोत आपलेच तोंड दिसते.

चौकट

समुद्रकाठी किंवा जास्त पावसाच्या गावी घर असेल, तर एमडीएफची चौकट ओलीने फुगते. तिथे सागवानाची, ॲल्युमिनियमची किंवा सिंथेटिक पट्टीची चौकट बरी. आपल्यापैकी अनेकांचे वडील फौजेत आहेत आणि दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. त्यांनी काचेऐवजी ॲक्रिलिक घ्यावे. ते हलके असते आणि सहज फुटत नाही. त्यावर ओरखडे मात्र पडतात, म्हणून मऊ फडक्यानेच पुसावे. काचेच्या चौकटी न्यायच्या असतील, तर काचेवर फुलीसारखी चिकटपट्टी लावावी, दोन चौकटी समोरासमोर ठेवून मध्ये चादर घालावी आणि पेटीत आडव्या न ठेवता उभ्या ठेवाव्यात.

कुठे लावावा?

आपल्याकडे फोटो छताजवळ लावायची सवय आहे. तिथे तो मान वर करून बघावा लागतो. फोटोचा मध्य जमिनीपासून सुमारे ५८ इंचांवर आला की उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतो. बसून बघायच्या खोलीत थोडा खाली घ्यावा. ऊन थेट पडते ती भिंत टाळावी, कारण रंग उडतात. बाहेरच्या ओल्या भिंतीपेक्षा आतली भिंत बरी. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणे चिकटवली की मागून हवा खेळते. मोठ्या चौकटीला दोन खिळे द्यावेत, म्हणजे ती ड्रेसिंगमध्ये राहते, तिरकी होत नाही! अनेक फोटो एकत्र लावायचे असतील, तर वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे कापून आधी भिंतीवर चिकटवून पाहावेत. क्वार्टरच्या भिंतीला फुकट भोके पडत नाहीत.

जुने फोटो

कुणाच्या घरी आजोबांचा वर्दीतला छोटा कृष्णधवल फोटो असेल. तो एकच असतो, पुन्हा काढता येत नाही. त्यावर लॅमिनेशन कधीही करू नये, कारण ते परत निघत नाही. फोटो दर इंचाला ६०० पिक्सेलने स्कॅन करावा. २ बाय ३ इंचांच्या फोटोतून १२०० बाय १८०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ४ बाय ६ ची स्वच्छ प्रत निघते. भिंतीवर प्रत लावावी आणि मूळ फोटो कागदी लिफाफ्यात, कोरड्या कपाटात ठेवावा.

शेवटचे काम फुकटात होते, पण सहसा कुणी करत नाही. ग्रुप फोटोतल्या सगळ्यांची नावे ओळीप्रमाणे, डावीकडून उजवीकडे, एका कागदावर लिहावीत आणि तो चौकटीच्या मागे चिकटवावा. आज सगळी नावे तोंडपाठ आहेत. पण पास होऊन वीस वर्षे झाल्यावर तिसऱ्या ओळीत टोकाला उभा असलेला तो छोटा कॅडेट कोण, हे त्या कागदावरूनच कळेल. यादी याच सुट्टीआधी करा, सगळे हाउसमध्येच आहेत तोवर.