भट्टी एक, भांडी सहा घरांची

जपानच्या ओकायामा प्रांतातल्या इम्बे गावात डोंगराच्या उतारावर एका जुन्या भट्टीचे अवशेष आहेत. लांबी पन्नास मीटरहून जास्त, रुंदी सुमारे पाच मीटर. बिझेन या नावाने ओळखली जाणारी इथली भांडी एकेकाळी सहा कुंभार घराणी अशा सामायिक भट्ट्यांमध्ये मिळून भाजत. सगळ्यांचा माल एकत्र, म्हणून कच्च्या भांड्यावर आपापली खूण कोरायची. हिशेब सोपा, भांडण कमी!

लाकूड वाचत होतं, हे आहेच. पण ही आगच एका माणसाला झेपणारी नाही. आपल्याकडे गोवऱ्या-पेंढ्याचा आवा लागतो, त्यात माती साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापते आणि सच्छिद्र राहते. माठातलं पाणी गार होतं ते त्यामुळेच. बिझेनची भट्टी १२०० अंशांच्या वर जाते. तिथं माती अंशतः काचेसारखी होते, पाणी झिरपणं थांबतं. मात्र भातखाचरांखालून काढलेली ही चिकण, लोहयुक्त माती भाजताना फार आकसते. तिच्यावर चकाकीचा लेप टिकत नाही, आणि घाईने तापवली तर भांडं फुटतं. त्यामुळे दहा-बारा दिवस, कधी दोन आठवडे, रात्रंदिवस लाल पाइनची लाकडं घालत राहायचं. पाळ्या लावल्याशिवाय हे होणार कसं?

लेप नसला तरी चकाकी येते, ती राखेमुळे. पाइनच्या राखेत चुना आणि पोटॅश असतं. ओढीबरोबर ती उडते, भांड्यांच्या खांद्यांवर बसते आणि मातीतल्या सिलिकाशी संयोग पावून वितळते. थंड झाली की काच. जाळाकडच्या बाजूला थर जाड, आडोशाला पातळ. म्हणजे माझा रांजण कुठं ठेवला यावर तुमच्या सुरईचं रूप ठरतं. भट्टी रचताना जाणत्यांची सर्वांत जास्त वादावादी होते ती याच कारणाने, आणि माझ्या मते खरी कलाकुसर तिथेच घडते.

दुसरा वाद तापमान अडलं की सुरू होतो. नवख्याचा हात लगेच लाकडाकडे जातो. पण जास्त लाकूड घातलं की हवा पुरत नाही, निखाऱ्यांचा ढीग वाट अडवतो, अर्धवट जळलेले वायू धूर होऊन निघून जातात आणि भट्टी उलट थंडावते. अशा वेळी हात आवरून निखारे जळू द्यावे लागतात. अनुभवी माणूस ज्योतीचा रंग आणि ओढीचा आवाज ओळखतो. पण रात्रपाळीचा माणूस दिवसपाळीला काय सांगणार? म्हणून कधी किती घातलं, झडप कुठवर उघडली, याची नोंदवही आजच्या भट्टीकऱ्यांना लागते. हवा कमी-जास्त झाली की लोहाची अवस्था बदलते: प्राणवायू भरपूर असेल तर तांबूस, अपुरा असेल तर राखाडी-काळपट.

बिझेनच्या काही भांड्यांवर अंगारासारख्या लाल रेघा दिसतात. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा गुंडाळत, त्याच्या या खुणा. योशिहिरो कुसानो आणि सहकाऱ्यांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. पेंढ्यातलं पोटॅशियम मातीच्या पृष्ठभागावर द्रव तयार करतं. त्यात आधी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे कोरंडमचे, स्फटिक जमतात आणि त्यांच्याभोवती लोहाचं लाल ऑक्साइड, हेमॅटाइट, वाढतं. ही वाढ थंड होताना होते, म्हणून सावकाश थंड होणं महत्त्वाचं.

जाळ बंद झाला तरी काम संपत नाही. तोंडं लिंपून भट्टी कित्येक दिवस तशीच ठेवतात. ५७३ अंशांवर मातीतल्या क्वार्ट्झची स्फटिकरचना बदलते आणि तो एकदम आकसतो. त्या टप्प्यावर थंड हवा आत शिरली तर भांड्यांना तडे जाऊ शकतात. थकलेल्या, उत्सुक झालेल्या दहा माणसांपैकी एखाद्याला आत डोकावायची घाई होतेच. अशा वेळी दार कधी फोडायचं हे ठरवण्याचा अधिकार आधीच एकाकडे दिलेला बरा.